दारव्ह्याचा लाल्या आणि वणीचा लाल्या

दारव्हा,
गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६

चि. दीपास,

दादाचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा ठीक, माझं पित्त ठीक, अंगणातलं सीताफळाचं झाड ठीक (यंदा माकडांनी आमच्यासाठी चार फळं ठेवली). तुमच्याकडेही सगळे बरे असतील आणि जावईबापूंचा खोकला खाणीच्या धुळीने आणखी वाढला नसेल, अशी आशा करतो. त्यांना माझा मानाचा जयभीम सांग. नेहमीपेक्षा थोडा जास्त मानाचा सांग. कारण पुढे कळेलच.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. पण आपला फोन आईच्या खाटेला लागून आहे, आणि तिची नजर अधू झाली म्हणून कान अधू झालेले नाहीत. चौकातल्या एसटीडीवर जावं, तर तिथला मालक माझं बोलणं माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाल. (तुमच्याकडे गॅस आहे, हे माहीत आहे. तरी काहीतरी मार्ग काढ.)

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी तुमच्या वणीत ठरलं, ते पक्कं आहे. रविवारी मी तिला आणून सोडतो. नंतर दीड महिना ती तुझ्याकडे राहील. डॉक्टर आठच दिवस म्हणतात, पण आईचं म्हणणं, डोळा माहा आहे, डॉक्टरचा नाही. ती तिखट मागेल, देऊ नकोस. तू देशीलच, तरी लिहून ठेवतो.

आता मुद्दा. (सतरा वर्षं वार्ताहरकी केली. मुद्दा पहिल्या वाक्यात आला पाहिजे, हे संपादकांनी मला ओरडून ओरडून शिकवलं. पण हे पत्र संपादकांना नाही.) मुद्दा लाल्याचा आहे.

तू टीव्हीवरच्या इंग्रजी कुस्त्या पाहत नाहीस, तेव्हा थोडक्यात सांगतो. दर शुक्रवारी संध्याकाळी आठला लागतात. दोरीच्या चौकटीत धिप्पाड गोरे लोक एकमेकांना खुर्च्यांनी मारतात आणि मारून झालं की माईक घेऊन भांडतात. कोण पडणार आणि कोण पाडणार हे आधी कागदावर ठरलेलं असतं, हे मला, तुला आणि सगळ्या जगाला माहीत आहे. आईला नाही. त्यातला तांबड्या केसांचा एक गडी बाबांच्या आजारपणात आईच्या मनात भरला होता. लाल्या रोग पडल्यावर कपाशीची पानं होतात तसल्या रंगाचे केस, म्हणून त्याचं नाव लाल्या. (खरं नाव मला आजवर उच्चारता आलेलं नाही.) त्याचा वैरी मालगुजार, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या तोऱ्याचा. तो केसाळ कोट घालून येतो, आणि छपराखाली असला तरी मागे छत्री धरायला एक माणूस लागतो.

बाबा गेले तेव्हा तू महिनाभर इथे होतीस. आई बोलत नव्हती, हे तू पाहिलंस. तू गेल्यावरही बोलली नाही. भाकरी थापायची, भांडी घासायची आणि दाराशी बसायची. मग एका शुक्रवारी टीव्ही उगाच चालू होता. लाल्या आणि मालगुजार यांची विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी कुस्ती लागली होती. मालगुजाराने खुर्ची उचलली आणि वीज गेली. (भारनियमनाचं वेळापत्रक दर महिन्याला बदलतं, पण शुक्रवारचे आठ वीस त्यातून कधी सुटत नाहीत.) अंधारातून आईचा आवाज आला, “लाल्याचं काय झालं?”

पाच आठवड्यांतलं तिचं पहिलं वाक्य. मी सायकल काढली आणि केबलवाल्या कपिलकडे गेलो, कारण त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. कपिल म्हणाला, लाल्या पडला. नुसता पडला नाही, उठून मालगुजाराच्या पाया पडला आणि त्याच्याच टोळीत सामील झाला. दीपा, खरं सांगतो, आपल्या फाटकापर्यंत मी खरीच बातमी घेऊन येत होतो. आत आलो. आईने विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “जिंकला.” आई तुझ्या वहिनीला म्हणाली, “भात टाक मंग.” आणि जेवली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण पुढच्या शुक्रवारी आठ वीसला पुन्हा वीज गेली आणि आईने पुन्हा विचारलं. बातमी नसली तरी कॉलम रिकामा जात नाही, ही माझी जन्माची सवय. दोन वर्षं झाली, एकही शुक्रवार रिकामा गेलेला नाही. आठ ते आठ वीस टीव्हीवर जे दिसायचं, त्यात लाल्या सरळ मालगुजाराच्या खांद्याला खांदा लावून चालायचा. पण आईला मोतीबिंदूमुळे फक्त रंग दिसतात आणि इंग्रजी कोणालाच कळत नाही. मी सांगून टाकलं, तो मालगुजारावर नजर ठेवून आहे.

यंदा एप्रिलपासून तर लाल्या टीव्हीवर दिसेनासाच झाला. त्याला कामावरून काढलं, असं कपिल म्हणतो. आमच्याकडे त्याचा गुडघा दुखावला आणि तो गावी शेती करायला गेला. आईने विचारलं, काय पेरलं? माझ्या तोंडून निघून गेलं, कपाशी. इथे घोळ झाला. शेजारच्या इंदूबाई तेव्हा नेमक्या बसलेल्या. (पुंडलिकराव कापसाची बैलबंडी घेऊन खरेदी केंद्राच्या रांगेत चार-चार दिवस अडकले की घरात एकट्या काय करतील? आपल्याकडे येतात.) अमेरिकेत सरकार कापूसवाल्याला वरून पैसे देतं, हे मीच मागे पेपरात लिहिलं होतं आणि मोठ्या हौसेने दोघींना वाचून दाखवलं होतं. इंदूबाई म्हणाल्या, “सरकार पैसे देते, तं मंग त्याले मार खाऊन कुस्त्या कायले खेळा लागते?” प्रश्न बिनतोड होता. मला दोन शुक्रवार पुरले नाहीत. शेवटी लाल्याच्या घरात भावकी लावली, सातबाऱ्यावर धाकट्या भावाचं नाव चढवलं आणि गडी परत कुस्तीत आणला. अमेरिकेत सातबारा असतो का, मला माहीत नाही. दारव्ह्यात कोणी विचारलं नाही.

मालगुजाराचं मात्र आईने मला मनासारखं करू दिलं नाही. मला त्याला एकदाचा तुरुंगात टाकायचा होता. आई म्हणाली, “तुरुंगात टाकून कोणी सुधरते का? त्यानं खुर्ची मारली त्या म्हाताऱ्या पंचाची माफी मागावं.” मागितली. माफी मागायला तीन आठवडे लागले, मध्ये एकदा तो दारात जाऊन परत फिरला. आता त्याची दारू सुटली आहे, छत्रीवाल्याला त्याने स्वतःची छत्री घेऊन दिली आहे, आणि तरीही लाल्याशी वैर कायम आहे. मला स्वतःला हा मालगुजार टीव्हीवरच्यापेक्षा पुष्कळ बरा वाटतो.

हे घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण जीपवाला देवसिंग शुक्रवारी आपल्या अंगणात येऊन बसायला लागला आणि शनिवारी सकाळी हीच हकीकत यवतमाळपर्यंत नेऊ लागला. गाडीत बारा माणसं कोंबलेली, बाहेर पाय काढून दोन लटकलेली, आणि सगळे मिळून लाल्याच्या गुडघ्याची चर्चा करतात. मागच्या महिन्यात त्या जीपमध्ये तुमच्या वणीचा एक ट्रकवाला बसला. तो म्हणाला, लाल्या कधीचाच हरला, सहा महिने झाले दिसतही नाही, तुम्ही कोणत्या जगात राहता? देवसिंगने जीप रस्त्याच्या कडेला उभी केली. हातापायी व्हायची वेळ आली. संध्याकाळी तो तरातरा आईकडे आला, “माय, थो खोटं बोलते का आपण?” मी भिंतीला टेकून उभा होतो. आई शांतपणे म्हणाली, “कापसाचा भाव वणीचा येगळा, दारव्ह्याचा येगळा, ढाणकीचा येगळा. मंग कुस्ती काहून सारखी राह्यन?” देवसिंगला हे पटलं. खरं सांगू, क्षणभर मलाही पटलं.

पण आता ती स्वतः वणीला येते आहे. आमची वीज दिवसाला बारा तास जाते. तुमच्या खाणीच्या कॉलनीत ती जात नाही. डोळ्याची पट्टी सुटेल, आई शुक्रवारी आठला टीव्हीसमोर बसेल, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सगळी कुस्ती शेवटपर्यंत पाहील. तीही नव्या डोळ्याने. लाल्याचा पत्ता नाही, आणि मालगुजार म्हाताऱ्या पंचाला खुर्चीने मारतो आहे. तिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवलं आहे, “माहा अतुल सांगते थे खरं. पेपरवाले सारेच खोटं छापतीन, माहा अतुल नाही छापणार.” आपल्या मुलाने घरातच दोन वर्षं खोटी बातमी चालवली, हे तिला कॉलनीतल्या टीव्हीवरून कळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. डोळ्यासाठी पाठवतो आहे. त्याच डोळ्याने मी असा उघडा पडलो, तर तिच्यासमोर कसा उभा राहू?

तेव्हा वर लिहिलेलं सगळं तू पाठ करावंस. तुला खोटं बोलता येत नाही, हे मी जाणतो. (चौथीत मी शाळा बुडवून शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती बघायला गेलो, तेव्हा कोणी विचारलं नसताना तू बाबांना बैलांच्या रंगासकट सांगितलं होतंस.) पण हे खोटं नव्हे असं समज. ही दारव्ह्याची आवृत्ती आहे. आमच्या पेपरच्या नाही का जिल्ह्याजिल्ह्याच्या वेगळ्या आवृत्त्या निघत? आईने विचारलं तर म्हण, लाल्या जिंकला. कसा, ते विचारलं तर म्हण, दादाला विचार.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद. उत्तर पाठवू नकोस.

तुझा दादा,
अतुल

ता. क. : जावईबापूंचा जयभीम जास्त मानाचा का, ते आता सांगतो. ते खाणीत वीजतंत्री आहेत. तुझ्याच्याने पाठांतर होणार नाही, हे मला पत्र लिहिता लिहिताच कळून चुकलं. तर त्यांनी एवढंच करावं. दर शुक्रवारी आठ वाजून वीस मिनिटांनी घराचा फ्यूज काढावा आणि नऊला परत बसवावा. फक्त दीड महिना. सगळ्या जिल्ह्यात भारनियमन नसलेली एक कॉलनी आहे, तिथे एका घरापुरतं करायचं, यात देशाचं काही नुकसान नाही. त्यांना म्हणावं, मेव्हण्याने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आहे. (मोटरसायकल मागितली होती ती धरू नये. ती परत दिली.)

ता. क. दुसरा, शुक्रवार, जेवणं झाल्यावर : फ्यूजला हात लावू नका. वरचं सगळं रद्द समज. पत्र फाडणार होतो, पण एवढी मेहनत फाडवत नाही.

आज आठ वीसला नेहमीप्रमाणे वीज गेली. इंदूबाई आल्या, देवसिंग आला, मी कंदील लावून घसा साफ केला. आई म्हणाली, “आज लाल्याले पाडून टाक.” मी म्हणालो, “आई, मी कसा पाडू?” तर म्हणते, “मंग दोन वर्सं कोण जिंकवून राह्यलं त्याले? वीजवाले?”

मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बघत होत्या. देवसिंगकडे पाहिलं. तो कंदिलाची वात बघत होता. दीपा, सगळ्यांना माहीत होतं. त्या ट्रकवाल्याशी भांडायला उठलेल्या देवसिंगलाही माहीत होतं. दोन वर्षं मी एकटाच घाबरून होतो.

आई म्हणाली, “मी चाललो वणीले. तिकडं मले त्याचा घोर नाही पायजे. पाड, आन् मोकळा हो.”

मी प्रयत्न केला. लाल्याला दोरीवर आपटला, खाली पाडला, पंच गुडघ्यावर बसला, एक म्हणाला, दोन म्हणाला, आणि तीन (म्हटलं की हार पक्की) काही माझ्या तोंडून निघेना. लाल्याने खांदा उचलला. पुन्हा पाडला, पुन्हा दोनवर उचलला. तिसऱ्या वेळेला देवसिंग म्हणाला, “भाऊ, सकाळी सहाला जीपचा माहा पयला नंबर आहे.” आई मला म्हणाली, “सरक. तुह्याच्यानं नाही होत. मी पाडतो.”

आणि तिने पाडला. दोन मिनिटांत. खुर्ची नाही, दगा नाही, कोणी मागून आलं नाही. लाल्या थकला होता, म्हणून पडला. मालगुजाराने पट्टा उचलला, पण ओरडला नाही. लाल्या उठला, पंचाला हात जोडले आणि चालत बाहेर गेला. इंदूबाई डोळे पुसायला लागल्या, तर आई त्यांना म्हणाली, “रडतं कायले? लय दिवस लढला थो.” मग उठली आणि वणीच्या पिशवीत लुगडी भरायला बसली. आता भरून झाली आहे. लोणच्याची बरणी मी दोनदा बाहेर काढली, तिने तीनदा आत ठेवली.

हे पत्र उद्या सकाळी देवसिंगच्या जीपने यवतमाळला आणि तिथून वणीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो, बातमीचं पाकीट जातं तसं. म्हणजे आमच्या आधी पोहोचेल. आता खरं काम ऐक. लाल्या गेला, पट्टा मालगुजाराकडे आहे, आणि पुढच्या शुक्रवारी आठ वीसला इंदूबाई आणि देवसिंग माझ्या अंगणात येऊन बसणार आहेत. देवसिंग तर जीपमधली आणखी चार माणसं आणतो म्हणाला. मला एक शब्द सुचत नाही. तेव्हा पट्टी सुटलेली असो वा नसो, शुक्रवारी सव्वाआठला आईला तुझ्या फोनजवळ बसव. तुमच्या टीव्हीवर काय दिसलं, ते मला नको आहे. आमच्याकडे काय झालं, ते तिला विचारायचं आहे.