खऱ्या वाक्यांचा वर्ग

प्रिय सोन्या,

क्लास कसा चाललाय असं तू फोनवर विचारलंस आणि मी 'बरा' म्हणून विषय गुंडाळला. खरं तर झकास चाललाय. पण त्यातली एक गोष्ट तुला विचारायची आहे, ती फोनवर जमेना म्हणून हे पत्र. आता आधी शेवट वाचू नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

सूनबाईला मराठी येत नाही, तिच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी नाव घातलं. सध्या भावनांचं प्रकरण सुरू आहे. मराठीत मला राग तुझाही येतो आणि तुझ्या पसाऱ्याचाही. इंग्रजीत माणसावर रागवायचं तर 'अँग्री विथ', गोष्टीवर 'अँग्री अबाउट'. ब्लाउज शिवताना हुक कुठे आणि बटण कुठे हे मला झोपेतही कळतं, पण या चिमुकल्या शब्दांनी घाम काढला.

त्यात आमच्या बाईंचा नियम असा, की वाक्य चुकलं तरी चालेल, खोटं चालणार नाही. मी 'प्राउड ऑफ माय सन' म्हटलं, ते खरंच होतं. शेजारच्या बाकावर कुलपं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. माझ्या दुकानाचं शटर अडलं तेव्हा धावून आले होते, तेच. परवा त्यांच्या वाट्याला 'फाँड', म्हणजे जीव जडणं, हा शब्द आला. 'ऑफ' अगदी बरोबर लावून त्यांनी माझं नाव घेतलं. पुढची पाळी माझी, आणि शब्द 'अफ्रेड', म्हणजे घाबरणं. खरंच बोलायचं होतं, म्हणून मी 'ऑफ माय सन' म्हटलं. सगळे खो खो हसले. मी नाही हसले.

सोन्या, आम्हाला लग्न करायचं आहे. तुझे बाबा गेल्यावर मी दुकान नेटाने चालवलं, रडगाणं गायलं नाही. पण दिवसभराच्या गमती ऐकायला घरी कोणीतरी असावं असं फार वाटतं. तुझ्या मनाविरुद्ध मात्र मी काही करणार नाही. रागावलास तर या गोष्टीवर रागाव, माझ्यावर नको. रविवारी फोन कर आणि आधी सूनबाईकडे दे. या माणसाबरोबर मी सुखात आहे, हे तुला मराठीत सांगताना माझी जीभ लाजेने अडते. तिला इंग्रजीत सांगेन. आरशासमोर म्हणून पाहिलंय. वाक्य बरोबर आहे, आणि खरंही.

तुझीच, जराशी घाबरलेली,
आई