वीस किलोत मी बसत नाही

४ मार्च, मंगळवार

सहलवाल्यांची यादी आली. चार पानं! बॅगेत काय भरावं, काय भरू नये, आणि जे भरू नये ते भरलंच तर काय होईल. मोज्यांचे सहा जोड. घडीची छत्री. औषधं मूळ पाकिटासकट. कात्री हातातल्या बॅगेत चालणार नाही. माणूस सहलीला चाललाय की लढाईवर?

ही सकाळपासून यादी घेऊन बसली आहे, कानामागे पेन्सिल खोचून. एकेका ओळीपुढे खूण. "अहो, तुमची कानटोपी कुठाय?" मला कानटोपी कधी होती? तर म्हणे, आणली. तीही खूण झाली.

लेकीने परस्पर आमच्या नावाने नऊ दिवस भरून टाकलेत. पुढे झेंडा घेतलेला माणूस, मागे आम्ही पस्तीसजण. सतरा दिवस उरलेत.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहितो. मला विमानात बसायची भीती वाटते. साधीसुधी नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आनंदमेळ्यातल्या उंच पाळण्यात हिच्याशेजारी बसलो. वर जाताना डोळे मिटले ते खाली आल्यावरच उघडले. हिने काही विचारलंही नव्हतं. मीच म्हणालो, "डोळ्यात कचरा गेला." छत्तीस वर्षं तो कचरा तसाच आहे. आता या वयात खरं काय सांगणार? त्यापेक्षा सहल बुडवणं सोपं.

५ मार्च, बुधवार

डाव पहिला — वजन. माणशी वीस किलो, वर एक ग्रॅम नाही. माझा तर धंदाच बॅगा दुरुस्त करायचा. मला कुणी वजन शिकवू नये.

हिने माझी बॅग भरली आणि ही आत गेली. मी अस्तराखाली दुकानातली लोखंडी पट्टी सरकवली. चामडं कापताना वापरतो ती, चांगली साडेतीन किलोची. वरून टाका घातला. मग हिला हाक मारून बॅग काट्याला लावली. तेवीस!

"बघ," मी म्हणालो. "वीस किलोत मी काही बसत नाही."

हिने माझे दोन कोट काढले, पुन्हा तोललं, वीसच्या आत आणलं. आता मी तिकडे थंडीने मरणार, आणि तेही लोखंडासकट.

६ मार्च, गुरुवार

पट्टी आज दुकानात जागच्या जागी होती. मी आणलेली नाही.

९ मार्च, रविवार

डाव दुसरा — गुडघा. दोन दिवस लंगडतोय. काठीसुद्धा शोधली.

संध्याकाळी तोफ आली. तोफ म्हणजे हिची मैत्रीण. समोर शिवणाचे वर्ग चालवते, कुजबुजली तरी चार घरांना ऐकू जातं. उंचीला दार कमी पडतं. आल्या आल्या म्हणाली, "भाऊजी, काल दुसरा पाय होता ना?"

हिने मान वर न करता यादीत काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं. "गुडघ्याचे पट्टे — दोन."

११ मार्च, मंगळवार

डाव तिसरा, आणि हा शेवटचा. माझा पासपोर्ट! वकीलसाहेबांची जुनी चामडी बॅग दोन महिने दुकानात पडून आहे. चेन बदलून तयार आहे, पण साहेब काही फिरकत नाहीत. त्या बॅगेच्या अस्तरात पासपोर्ट शिवून टाकला. बावीस तारखेला सापडेल. तेव्हा मीच कपाळावर हात मारीन. कसा मारायचा तेही ठरलंय.

१२ मार्च, बुधवार

मी दोरा आणायला गेलो. ही दुकानात बसली होती. तेवढ्यात वकीलसाहेब आले आणि बॅग घेऊन गेले.

धावत त्यांच्या घरी गेलो. साहेब परगावी. बॅगेसकट.

म्हणजे झालं की मनासारखं. उड्या मारायला हव्या होत्या. घरी आलो तर ही आरशासमोर नवा लाल रेनकोट घालून उभी. टोपी वर, टोपी खाली. "कशी दिसते?" म्हणाली. आजवर हिने मला असं कधी विचारलेलं नाही. "बरी," म्हणालो आणि दुकानात येऊन बसलो. मी नालायक माणूस आहे.

१४ मार्च, शुक्रवार

वकीलसाहेब सकाळीच दारात. "अस्तरात काहीतरी टोचत होतं हो. उसवलं तर हा!" पासपोर्ट त्यांनी माझ्या हातात न देता हिच्या हातात दिला. वकिलाला कळतं कुठे द्यायचं ते.

हिने अस्तराचा उसवलेला तुकडा उजेडात धरला. "टाका तुमच्याच हातचा दिसतोय."

"कामाच्या गडबडीत पडला असेल आत."

"असेल," म्हणाली. आणि हसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

१६ मार्च, रविवार

ही दुकानात आली आणि भंगाराच्या डब्यातून तुटक्या चेन आणि चेन सरकवायचे सुटे रनर मूठभर घेऊन गेली. "कशाला?" तर म्हणे, "लागतील." यादीत तर नाहीत. रनर बसवण्यात हिचा हात माझ्यापेक्षा चांगला. मन थाऱ्यावर नसलं की हिला ते काम लागतं. लेकीच्या निकालाच्या दिवशी चौदा चेन जोडल्या होत्या. आता कसली काळजी? माझी बॅग फाटेल ही असावी.

१७ मार्च, सोमवार

माझी बॅग बंद. तीन आकड्यांचं कुलूप, मीच बसवलेलं. आकडे हिने बदललेत. "झाली भरून. आता हात लावायचा नाही." आणि माझ्याकडे बघून पुन्हा तसंच हसली.

१८ मार्च, मंगळवार

हात लावला. कान लावून एकेक चाक फिरवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

आत जांभळा स्वेटर. बायकांच्या सँडल, माझ्या वहाणांपेक्षा मोठ्या. केसांचा कलप. पोहण्याचा पोशाख, त्यावर मोठाली पिवळी फुलं! माझा एक रुमालसुद्धा नाही. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली, तोफेचं नाव आणि पत्ता.

ही तोफेला घेऊन चालली आहे. माझ्या जागी.

जिंकलो की! पंधरा दिवस ज्यासाठी जीव आटवला ते झालं. मी तिथेच फरशीवर बसलो. तो लाल रेनकोट कुठल्याशा पुलावर उभा राहणार, "कशी दिसते?" विचारणार, आणि सांगणार कोण, तर तोफ. तेही सगळ्या पुलाला ऐकू जाईल असं. मला फार वाईट वाटलं. बॅग होती तशी बंद केली.

१९ मार्च, बुधवार

सांगून टाकलं. ही मोज्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "मला विमानाची भीती वाटते. पाळण्यात डोळ्यात कचरा वगैरे काही गेला नव्हता. मी डोळे मिटले होते. पट्टी मीच घातली, पासपोर्ट मीच शिवला, आणि गुडघा ठणठणीत आहे."

हिचे हात थांबले. पट्टीचं, पासपोर्टचं हिला आधीच ठाऊक होतं, ते तोंडावर दिसत होतं. पाळण्याचं नव्हतं. हात थांबले ते तेवढ्यासाठीच.

मग म्हणाली, "बॅग उघडलीत ना?"

"उघडली. तरी मला यायचंय. भीतीसकट."

"आता जागा भरल्या सगळ्या."

"मी सहलवाल्यांच्या पाया पडतो."

"बघू," म्हणाली आणि मोज्यांकडे वळली. मी मोजले. बायकांचेच होते सगळे.

२० मार्च, गुरुवार

सहलवाले फोन उचलत नाहीत. हिला विचारलं तर "बघू". तोफेकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "मला काही विचारू नका, भाऊजी."

२१ मार्च, शुक्रवार, विमानतळ

तोफ आली होती. पोचवायला! अंगात तो जांभळा स्वेटर, पायात त्या सँडल. सगळ्यांसमोर गर्जली, "भाऊजी, माझा पोहण्याचा पोशाख नीट घडी घालून ठेवलात हो, आभारी आहे."

हिने गाडीच्या डिकीतून दुसरी बॅग काढली. माझी. कपडे, दोन्ही कोट, कानटोपी, गुडघ्याचे पट्टे, सगळं. वीस किलोला शंभर ग्रॅम कमी. "कुलूप दिसलं की तुम्ही उघडणार, हे काय मला माहीत नाही? तुम्हाला का यायचं नाही, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." शेराला सव्वाशेर. माझा पासपोर्ट माझ्या हातात दिला, पण हिचं एक बोट त्यावरच होतं.

त्याच दिवशी, विमानात

दारं लावली. ही खिडकीशी, मी शेजारी. हिने पर्समधून तुटक्या चेनची पुरचुंडी काढली. मी म्हणालो, "माझ्यासाठी आणल्यास होय? एवढी काळजी?"

"तुमच्यासाठी कशाला? माझ्यासाठी." रनर बसेना. "पाळण्यात तुमचे डोळे मिटलेले मला दिसलेच नाहीत. माझेही मिटलेले होते."

एक चेन मला दे म्हणालो.