गालावर उगाळलेलं जायफळ

माय, तुझ्या गालावर होता तसा डाग माझ्या गालावर आला आहे. आधी फक्त डावीकडे, डोळ्याच्या खाली होता, चहाचा शिंतोडा उडून वाळावा एवढाच. आता उजवीकडेही दिसतो. मी घाबरले आहे आणि हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आबांना पत्रात ‘प्रकृती उत्तम’ असंच लिहिते. अक्काला वेगळं काही लिहीत नाही, कारण आबांना आलेलं पत्र त्यांना तिच्यासमोर मोठ्याने वाचावं लागतं. आबांची बहीण ती, भावाच्या घरात अजूनही तशीच राज्य करते.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता मी जळगावला मुलींच्या शाळेत शिकवते आणि पिंपराळ्यात एका मारवाडी कुटुंबाच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहते. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी आबांनी धुळ्याच्या गिरणीत पेढे वाटले. शास्त्र शिकलेल्या बाईच्या घरात कुणी अडाणीपणाने मरणार नाही, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटत होतं. शाळेत मी आरोग्यशास्त्र मागून घेतलं तेही त्यासाठीच. आठवीच्या मुलींना चेहऱ्याच्या कातडीची निगा शिकवताना मी टेबलावर तीन वस्तू मांडते: खरखरीत वज्री, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि जुन्या लुगड्याचं मऊ फडकं. मग विचारते, यातलं तोंडाला काय वापरायचं?

“बाई, आमची आजी वज्रीनेच तोंड घासते,” मागच्या बाकावरून एकजण म्हणाली.

“मग आजीचं तोंड कसं आहे?”

“वज्रीसारखं.”

वर्ग हसला, मीही हसले. वज्री टाचांसाठी, जाळी पाठीसाठी, चेहऱ्याला फडकंच, हे मी त्यांना सांगितलं. डाळीचं पीठ साईत कालवून लावा, तुरटी घासू नका, बिब्बा तर गालाजवळही नेऊ नका, आज एक आणि उद्या दुसरं असं करत बसू नका. हे सांगताना मी खिडकीकडे उजवा गाल करून उभी राहत होते. तेव्हा उजवा अजून स्वच्छ होता.

आणि घरी येऊन मी स्वतः काय करत होते? खालच्या घरमालकीणबाईंना मी भाभी म्हणते. त्यांनी मसुराची डाळ दुधात भिजवून वाटायला सांगितली, ती केली. मग बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेच्या कपाटातून तोंडाला लावायच्या स्नोची बाटली काढली, कोल्डक्रीम काढलं, एक पिवळट मलम काढलं आणि म्हणाला, “हे घ्या ताई, दहा वर्षांनी लहान दिसाल.” दहा वर्षांनी लहान म्हणजे तुझा शेवटचा उन्हाळा, हे त्या माणसाला कसं कळावं. मी स्नो घेतला. त्याने काही झालं नाही, म्हणून पातेल्यात कडुनिंबाचा पाला उकळून चादरीखाली वाफ घेऊ लागले. तिथे अंधारात माझा श्वास मला मोठ्याने ऐकू यायचा आणि वाटायचं, तुझाही शेवटी असाच ऐकू यायचा. भाभी एकदा वर आल्या, मी खिडकीत आरसा धरून उभी. “मास्तरीणबाई, तोंड काय पेपर आहे का, रोज सकाळी वाचायला?” म्हणाल्या. मी आरसा उशीखाली ठेवला. त्या गेल्यावर परत काढला.

तुझ्याकडे आरसा म्हणजे आबांचा दाढीचा. तो खिळ्यावर उंच टांगलेला असायचा आणि तू टाचा उंचावून त्यात बघायचीस. मला ती दुपार दिसते. मी शाळेतून लवकर आले आहे. चुलीत निखारे आहेत, कळण्याच्या भाकरी टोपलीत झाकलेल्या आहेत आणि तू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून सहाणेवर दुधात जायफळ उगाळते आहेस. मला पाहून दचकतेस, मग बोटाने गालावर लावतेस. मी विचारते, काय झालं? तू म्हणतेस, “काय नही व पोरी, उन लागनं. लावं का जाई.” वांगाच्या डागांवर जायफळ हे तुझ्या माहेरचं औषध. तुझे हात मला तेव्हा दिसले. तळहातावरच्या रेघा शाईने ओढाव्यात तशा काळ्या झाल्या होत्या. मी त्याही विचारल्या. “तवानी काजळी,” म्हणालीस आणि मूठ मिटलीस.

नेमकी त्याच वेळी अक्का आली. आपल्या घरात जायफळ फक्त पुरणात पडायचं, तेही सणाला. ती दारातूनच नाकाने हुंगत म्हणाली, “आज पुरण टाकं का व? जायफळना वास ई राह्यना.” मग तिने तुझं तोंड पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली. “आंडेर लगीनले उनी, आन् माय नवरी बनी राह्यनी,” असं म्हणाली, आणि लेक लग्नाला आली तरी आईच नवरी बनते आहे, हे संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनाही सांगितलं. आपल्यात हळद-उटणं लग्न ठरलेल्या पोरीला. पोरंबाळं झालेल्या बाईने दिवाळीच्या पहाटेखेरीज तोंडाला काही फासणं म्हणजे थेर. तू हसत हसत तोंड धुतलंस, सहाण धुऊन देवापाशी ठेवलीस. पुन्हा कधी जायफळ उगाळलं नाहीस, आणि डागाबद्दल कुणाशी बोललीही नाहीस. थकवा येतो, हे त्याआधी अधूनमधून म्हणायचीस, तेही बंद झालं. बाकीच्यांना वाटलं बाई सुधारली.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तू भिंत धरून उठतेस. भाजी खारट झाली म्हणून अक्का ताट सरकवते, आणि तू मात्र तीच भाजी वरून मीठ घेऊन खातेस. एकदा डब्यातलं मीठ चिमटीने तोंडात टाकताना मी तुला पाहिलं आणि आपण दोघी हसलो. तुझी हिरडीसुद्धा काळवंडली होती. ज्या दिवशी तू विहिरीवरून परतताना पडलीस, त्या दिवशी आबांनी तुला टांग्यात घालून नेलं. डॉक्टरांनी तुझे हात, तोंड पाहिलं आणि विचारलं, हे कधीपासून? आबांना सांगता आलं नाही. पुढे आबा एवढंच म्हणाले की आतली कसलीशी ग्रंथी सुकून गेली होती, चेहऱ्यावर दिसत होतं आणि सारखं मीठ खावंसं वाटत होतं ते तिच्यामुळेच, आणि फार उशीर झाला होता. आपण सगळ्यांनी ते तोंडाचंच दुखणं समजलं, माय. तोंडाचं, म्हणजे हौसेचं.

म्हणून आता मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते. पेरूवर मीठ लावते आणि हात थांबतो. जिना चढून दम लागला की वाटतं, हे तेच. रोज सकाळी दाराच्या उजेडात तळहात धरते. रेघा कालच्यापेक्षा गडद आहेत की नाहीत, हे मला ठरवता येत नाही. आणि डॉक्टरांकडे जात नव्हते. मी, मुलींना ‘दुखणं अंगावर काढू नका’ असं फळ्यावर लिहून देणारी. जोवर मी मसूर वाटत होते तोवर तो नुसता डाग होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं असतं तर तो तुझा डाग झाला असता.

परवा ती मागच्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि कागदाची पुडी पुढे केली.

“बाई, तुमच्या गालावर आहे ना, तसं माझ्या आईला पण आहे. तिने दिलंय. दुधात उगाळून लावा म्हणाली.”

पुडी उघडायच्या आधीच मला वास आला. जायफळाचा. तिला विचारलं, “तुझ्या आईला थकवा येतो का गं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी. “बाई, सगळ्यांच्या आया थकतात.”

मी तिला म्हटलं, आईला घेऊन दवाखान्यात जा, माझं नाव सांग, मी पण येते बरोबर. ती म्हणाली, “आई नाही यायची. तुम्ही तरी जाऊन आलात का?”

मी त्याच संध्याकाळी गेले. लेडी डॉक्टर वयस्कर आहेत, घाई करत नाहीत. मी एका दमात तुझं सगळं सांगितलं, मिठासकट. त्यांनी माझी हिरडी पाहिली, तळहात पाहिले, निजवून आणि मग उभं करून रक्तदाब घेतला. म्हणाल्या, मला तरी साधा वांग वाटतो, उन्हात पायी फिरता, डोक्यावरून पदर घ्या. पण आईचं असं झालंय, तर रक्त तपासू. रिपोर्ट सोमवारी. त्यांच्या बोलण्याने धीर यायला हवा होता. ‘पण’ पाशी तो संपला. मी जाऊन आल्याचं सांगितल्यावर ती मुलगी उद्या आईला आणते म्हणाली आहे. मी त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसणार आहे, आणि माझी भीती तिच्या आईला दिसू नये एवढीच इच्छा आहे.

या पत्राच्या पाकिटावर कुठला पत्ता लिहायचा ते सुचलं नसतं, म्हणून पाकीट आणलंच नाही. आणखी एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात जाण्याआधी मी दोन्ही गालांवर पावडर थापली होती. डॉक्टरांनी ओल्या कापसाने ती पुसली आणि विचारलं, “दाखवायलाच आला होतात ना?” मी हो म्हटलं. आणि त्या डागावर वाकून बघत होत्या, तेव्हा त्यांच्या खांद्यावरून मी खोलीत कुठे आरसा आहे का, ते शोधत होते.