हार नको म्हणणाऱ्या दगडूमामांना

सोलापूर

प्रिय दगडूमामा,

आज आमच्या मंडळाने तुमची शोकसभा केली. हसू नका! तुरुंगातून सुटलेल्यांना पुन्हा माणसांत आणणारं आम्हा विद्यार्थ्यांचं थोर मंडळ ना ते! सगळे पाच मिनिटं हळहळले, मग चहा-चिवडा झाला. अध्यक्ष वकीलसाहेबांनी तुमचं आडनाव दोनदा चुकवलं. मला म्हणाले, "तू त्यांच्या जवळचा, दोन शब्द बोल." शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळवणारा मी, चिवड्याच्या बशा गोळा करायला उठलो. म्हणून आता घरी बसून लिहितोय.

तुम्ही सुटलात तो दिवस आठवतो? आदल्या साली सत्याग्रहातली माणसं सुटून आली, तेव्हा स्टेशनावर हार, लेझीम, जयजयकार, काही विचारू नका. तुरुंगातून माणूस आला की हार घालायचा, एवढंच आम्हा दीडशहाण्यांना ठाऊक. तुम्ही कशासाठी आत गेला होतात, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही. आलं असतं तरी लेझमाची हौस कोण सोडणार?

तुम्ही बोचकं घेऊन उतरलात, मी हार घेऊन धावलो. तुम्ही मागे सरलात. "हार नगं, दादा. गपचिप जाऊ द्या की मला. केम गावाला पोरीच्या सासरी म्या मुंबईला गिरनीत हाय म्हनून सांगितलंय."

मी ऐकलं, दगडूमामा. स्पष्ट ऐकलं! आणि तरी हार घातला. वर म्हणालो, "लाजायचं काय त्यात?" काय ती अक्कल!

मग वकीलसाहेब पेटीवर चढले. "या बांधवाने गिरणीतल्या जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, डोकं फोडलं, पाच वर्षं सक्तमजुरी भोगली, आणि आज तो शुद्ध होऊन आला आहे!" टाळ्या. मीही वाजवल्या. गर्दीत बाजाराला आलेला केमचा एक सोयरा उभा होता. तुम्ही खोलीवर पोचायच्या आत बातमी केमच्या गाडीत बसली.

तुमच्या चंद्राला सासूने हाकललं नाही, हेच उपकार. अट घातली: बापाने उंबरा चढायचा नाही, आणि हिने त्याचं नाव काढायचं नाही. महिन्याभरात चंद्राला मुलगा झाला. स्टेशनावर हमाली करता करता तुम्ही मला विचारायचात, "दादा, पोर कुनासारकं दिसत आसंल वो?" आणि मी गाढव, तुम्हाला आत्मशुद्धीवरचं पुस्तक वाचून दाखवायचो!

एक विचारू? जॉबरचं डोकं फोडणारे तुम्ही, आमच्यापुढे एवढे गरीब कसे झालात? एक तरी थोबाडीत द्यायची होती माझ्या. केमची गाडी रोज समोरून सुटायची, त्यात चढायचं होतं. त्या सासूबाईचं एवढं कशाला ऐकलंत? याचा मात्र मला तुमच्यावर राग आहे.

गुरुवारी तुम्ही तापात गेलात. परवा मी केमला गेलो. छातीवर मंडळाचा बिल्ला लावून! शहाणपण अजून संपलं नव्हतं. ओसरीवर सासूबाई चार बायांत बसलेल्या. म्हटलं, "चंद्राबाईंच्या वडिलांचा निरोप आहे."

"त्यो व्हय? त्यो मुंबईला हाय," म्हातारी ठसक्यात म्हणाली. सगळ्या गावाला खरं ठाऊक, तरी या बाईचा तोरा बघा!

चंद्रा पाण्याचा तांब्या घेऊन आली. काखेत पोर. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. हळूच म्हणाली, "कवा?"

"गुरुवारी."

तिने पदराने पोराचं नाक पुसलं आणि तांब्या घेऊन आत गेली. बापासाठी तिला साधा हुंदका काढता आला नाही, दगडूमामा. अगदी तुमचंच नाक आहे त्या पोराला.

आज बिल्ला वकीलसाहेबांच्या टेबलावर टाकून आलो. "तरुणांत निष्ठा उरली नाही," म्हणाले. म्हणू देत.

वचन एकच देतो. माझी आई चंद्राची लांबची मावशी बनून केमला जाणार आहे, तिला चार दिवस माहेरपणाला आणायला. आई कबूल झाली आहे. आमच्या घरात तिला पोटभर, मोठ्याने रडता येईल. मी दाराबाहेर बसेन, कुणालाही आत सोडणार नाही, आणि तिला धीर द्यायलासुद्धा तोंड उघडणार नाही.

तुमचा म्हणवून घ्यायला लाजणारा,
वसंत