बटाट्यात लपवलेलं केळं

६ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. नमस्कार.

रंगाऱ्याचं काम सोडलं. शिडीवर चढलं की मी लांबचं बघत बसतो, आणि मुकादमाला नेमकं तेच खटकतं. आता एका संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघरात फळं चिरतो. इथे न खाणाऱ्या मुलांचा अभ्यास चालतो. हट्टी नव्हेत गं, लाडावलेलीही नव्हेत. कुणाला वास सोसत नाही, कुणाला मऊ काही, कुणाला घशात अडकायची धास्ती. डॉक्टरबाई म्हणतात, यात आईचं काही चुकलेलं नसतं. हे ऐकलं आणि आपली चिमणीच डोळ्यांसमोर आली. भाचीला घेऊन येच. इथलं मांजरही फार निवडक खातं, पण त्याचा अभ्यास कुणी करत नाही, म्हणून ते माझ्यावर डाफरतं. असो, कुठे होतो मी? हां, ये.

तुझा माझ्यावरचा जीव आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर रागावशील जास्त.
धाकटा

१४ जून

चि. भटक्यास,
अ. उ. आ.

तू आणि स्वयंपाकघर! बोटं शाबूत आहेत ना?

चिमणी टोस्ट, एकाच जातीची बिस्किटं आणि उकडलेला बटाटा, एवढंच खायची हे तुला माहीत आहे. मागच्या आठवड्यात ह्यांनी गुपचूप बटाट्यात केळं कुस्करलं. म्हणे, पोटात काहीतरी जाईल. एका घासात तिला कळलं. तेव्हापासून बटाटा बंद, आणि टोस्टसुद्धा उलटापालटा करून तपासते. पोरगी उतरलीय रे. पुढच्या महिन्यात शाळेचं शिबिर आहे. मैत्रिणीशेजारची जागाही तिने धरून ठेवलीय, आणि शाळेच्या बाई म्हणतात, खात नसेल तर आम्ही जबाबदारी घेणार नाही. सासूबाईंचं मत, उपाशी ठेवा, झक मारत खाईल. मी नुसती भांडी आपटते.

मला रजा नाही. हेच तिला घेऊन येतील. त्यांना सांभाळून घे.
आमची आठवण ठेव आणि वेळेवर जेव.
तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. नमस्कार.

भाऊजींनी सांगितलं नसणारच, म्हणून मी सांगतो. इथली रीत अशी, की आधी मोठ्यांनी स्वतःला न सोसणारा पदार्थ पुढ्यात घ्यायचा. भाऊजी ऐटीत म्हणाले, मला सगळं चालतं. डॉक्टरबाईंनी पपईचं विचारलं. माणूस घड्याळ बघू लागला. मी फोड चिरली होतीही देखणी, पण ती पुढे येताच त्यांच्या कपाळावर घाम. तेव्हा चिमणी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि डॉक्टरबाईंकडून नुकतंच ऐकलेलं बाबांना समजावू लागली, की आधी नुसतं बघायचं, मग वास घ्यायचा, मग जिभेचं टोक लावायचं, नको वाटलं तर वाटीत टाकायचं, कुणी रागावत नाही. आणि त्यांना धीर यावा म्हणून तिने स्वतः पेअरची फोड जिभेला लावली. मग चावली. गिळली नाही हं, थुंकली. पण चावली, ताई. इथे शाबासकीला बंदी आहे, म्हणून मी धुतलेलं पातेलं परत धुतलं.

निघताना भाऊजींनी तिची माफी मागितली. यापुढे ताटात दिसेल तेच असेल, असं म्हणाले. ती म्हणाली, विचार करून सांगते.

घरच्यांना नमस्कार, तुला थोडा जास्त.
धाकटा

२४ जुलै

चि. भटक्यास,
अ. उ. आ.

चिमणी शिबिराला गेली! विचार करून तिने तोडगा काढला, की बटाटे तीच कुस्करणार आणि बाबा लांब उभे राहणार. हे मुकाट्याने दाराशी उभे राहतात. बटाटा परत सुरू झाला. डॉक्टरबाईंनी शाळेच्या बाईंशी बोलून सगळं समजावलं, आणि शिबिरात बटाटे उकडून द्यायचं ठरलं. सासूबाईंनी बिस्किटांचा डबा स्वतः भरला, वर म्हणाल्या की याला माझी संमती समजू नका.

काल तिचा फोन आला. मी काही विचारायच्या आत ह्यांनी घेतला आणि विचारलं, मजा येतेय का. मग काय, तंबू, नदी, मैत्रिणीचा हरवलेला बूट, पोरगी थांबेचना. फोन ठेवल्यावर ह्यांच्या लक्षात आलं, की काय खाल्लंस हे विचारायचं राहूनच गेलं.

मी म्हटलं, राहू दे.

जाशील तिथे आमची माया बरोबर ने.
तुझी ताई