कपाच्या बुडावरची धार

चिरंजीव ठिणगीस,

काकाचे पोटभर आशीर्वाद. दहाही बोटं जागेवर आहेत ना? (सुऱ्या घडवणाऱ्या पुतण्याची खुशाली बोटांपासूनच विचारावी, असं माझं मत झालं आहे.) तुझ्या आईचा खोकला, भट्टीचा धूर आणि तुझी चिडचिड, तिन्ही कमी झाली असतील अशी आशा. इकडे मी गुडघे वगळता उत्तम आहे.

तू तीन सुऱ्या पाठवून मला परीक्षक नेमलंस. घाट सारखा, मुठी सारख्या, फक्त पोलाद वेगळं. जे जिंकेल त्याच्याच पट्ट्या विकत घेऊन तू हॉटेलवाल्याची मोठी ऑर्डर पुरी करणार आणि रविवारी येऊन तिन्ही सुऱ्या परत नेणार. म्हणजे तुझ्या धंद्याचं भवितव्य माझ्या टोमॅटोंवर. ज्याने जन्मभर शाळेतल्या कविता घोकण्यापलीकडे काही केलं नाही त्याच्यावर ही जबाबदारी टाकताना तू काय खाल्लं होतंस, देव जाणे.

तर निकाल. लाल ठिपक्याची, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या त्या महागड्या पोलादाची सुरी पहिल्या दिवशी होती तशीच आजही आहे. आपण चिरले गेलो हे टोमॅटोला कळत नाही. गंज नाही, डाग नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळ्या कविता पाठ आणि मित्र एकही नाही, त्याची आठवण येते. पिवळ्या ठिपक्याची, ती डी-टू नावाच्या पोलादाची, माझ्या थोरल्या मेहुणीसारखी: सहसा बिघडत नाही, पण बिघडली की समजूत काढता काढता पुरेवाट. राहिली बिनठिपक्याची, साध्या कार्बन पोलादाची. तू बजावलं होतंस की ही लवकर बोथट होईल, ओली राहिली तर गंजेल, लिंबू लागलं तर काळी पडेल. पडली. निळसर, जांभळट, दिवेलागणीच्या आभाळासारखी (तिच्यावर मी दोन ओळीही रचल्या आहेत, पण तू कामात असशील). गंजलीही थोडी. पण बोथट म्हणशील, तर ती बोथट राहीना रे.

धार लावायची नाही ही तुझी अट मी पाळली. दुसऱ्याच आठवड्यात ती टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली. मी तिला समाधानाने नापास केलं आणि जेवून आडवा झालो. उठून सफरचंद कापायला घेतलं तर फोड अशी सुटली, की तिच्या आरपार खिडकी दिसावी. पुढे परत घसरली, परत मी दुपारी झोपलो, परत तेच.

मग एका दुपारी मी झोपलो नाही, नुसता डोळे मिटून पडलो. आणि स्वयंपाकघरातून तो आवाज आला. तुला आठवत असेल, तुझी काकू धार लावायच्या दगडाला कधी शिवली नाही. चहाचा कप पालथा घालायचा आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासायची, ही तिची रीत. मी बाहेरच्या खोलीतून शाळेतली नदीची कविता म्हणायचो, ती त्या चालीवर हात फिरवायची, आणि तिसरं कडवं सुरू झालं की थांबायची. "पुरे आता. सुरीला धार आली, कवितेला काही यायची नाही." तर त्या दुपारी मी ओठ न हलवता ती कविता म्हणून पाहिली. आवाज चालीवर आला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याचा पहिला शब्द मनात आला मात्र, स्वयंपाकघर गप्प झालं.

मी लगेच उठलो नाही. (उठून म्हणणार काय? परीक्षेत बाहेरची मदत चालत नाही?) जरा वेळाने गेलो तर तिचा निळ्या काठाचा कप ओट्यावर पालथा आणि त्याच्या बुडावर पोलादाची ताजी करडी रेघ. ती गेल्यापासून हा कप सगळ्यात वरच्या फळीवर होता. तिथवर चढायला माझे गुडघे राजी नाहीत. मी कप धुतला, पुसला, आणि वर ठेवता येईना म्हणून ओट्यावरच राहू दिला. रेघ पुन्हा आली.

लाल ठिपक्याच्या सुरीकडे मात्र कोणी फिरकत नाही. तिला कोणाची गरजच पडत नाही.

तेव्हा ठिणग्या, भुकटीचंच पोलाद घे. तेच सर्वांत उत्तम, यात शंका नाही. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता.क. रविवारी लाल आणि पिवळी घेऊन जा. बिनठिपक्याची इथेच राहू दे. आणि जमलं तर मला आणखी एक घडवून दे, तुझ्याकडच्या सगळ्यात मऊ पोलादाची. रोज बोथट होईल अशी.

ता.ता.क. तुझी ताई काल येऊन गेली, तिलाही हे सगळं सांगितलं. तिने माझा हात उजेडात धरला आणि म्हणाली, "बाबा, तुमची बोटं करडी झालीत. तुम्हीच झोपेत उठत असाल." मी म्हटलं, मुलांना हल्ली काहीही सुचतं. तुझी काकू डावखुरी होती, मी उजव्या हाताचा; आणि धार कोणत्या हाताने लावली आहे ते तुला भिंगातून ओळखता येतं, असं तूच एकदा सांगितलं होतंस. तर रविवारी येताना एवढं कर, ते भिंग घरी ठेवून ये.