कोण म्हणालं ते शेवटी

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. उद्यापासून संध्याकाळची नवीन बॅच. स्पोकन इंग्लिश, सगळी मोठी, कामधंद्याची माणसं. या बॅचला व्याकरण नाही, पाठांतर नाही. रोज एक सुविचार फळ्यावर लिहायचा आणि त्यावर इंग्रजीत चर्चा घडवायची. कोण म्हणालं ते खाली लिहून त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टी शेवटी काढायची, म्हणजे उत्सुकता टिकते. पद्धत माझी स्वतःची आहे.

घरचं : ही काल बहिणीकडे गेली. आठवडाभर राहील. निघताना मी म्हटलं, रागावून जाऊ नकोस. तर म्हणाली, मी रागावून जात नाहीये, राग असता तर थांबले असते. म्हणजे राग नाही. चांगलं लक्षण आहे. बॅगेत स्वेटर आणि छत्री दोन्ही भरलं. एका आठवड्यात दोन ऋतू कुठून येणार. हिला पॅकिंगचा अंदाज कधीच नव्हता.

संकल्प : आठवडाभरात घर असं लख्ख ठेवायचं की आल्यावर ओळखू नये.

५ फेब्रुवारी, मंगळवार
पट्टी कापायला कात्री सापडेना. सगळे खण उपसले. शेवटी हाताने फाडली. एक कड मधेच बाहेर आली, पण मागच्या बाकावरून दिसत नाही.

पहिला सुविचार : पर्वताला घाई नसते. मोठी ओळ आहे. अर्ध्या तासात वर्गाने एकही वाक्य उच्चारलं नाही, सगळे मूग गिळून बसले. टॅक्सीवाले ड्रायव्हर पुढच्या बाकावर असतात, त्यांनी हे परीक्षेत येणार का म्हणून मराठीत विचारलं. बेकरीवाले पहाटे उठतात, त्यामुळे त्यांचा एक डोळा मिटलेला होता. नर्सबाई ड्युटीवरून थेट येतात. त्या भिंतीकडे बघत होत्या. विचार करत असाव्यात.

पहिल्या दिवशी असंच होतं. विचार मुरावा लागतो.

६ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी ४
मेहुणीला फोन केला. कात्री कुठे आहे ते ताईला विचार म्हटलं. निमित्त कात्रीचं, म्हणजे ही स्वतःच फोनवर येईल असा माझा डाव. मेहुणी म्हणाली, ताई अंघोळीला गेलीय भाऊजी. दुपारी चारला. बहिणीकडे गेलं की माणसाचं वेळापत्रक बिघडतं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
सुविचार : ज्याने समुद्र पाहिला तो डबक्याशी भांडत नाही. पुन्हा शांतता. ड्रायव्हरनी समुद्राचं स्पेलिंग वहीत उतरवून घेतलं. डायरेक्टर मॅडम दारातून डोकावून गेल्या. शेजारच्या वर्गात सगळे एका सुरात क्रियापदं म्हणत होते, ती आमच्या वर्गात स्पष्ट ऐकू येत होती. मॅडमनी विचारलं, सर, बोलतात ना मुलं. म्हटलं, आतल्या आत बोलतायत.

घर लख्ख करायला सोमवारपासून सुरुवात.

११ फेब्रुवारी, सोमवार
अपघात झाला. दूध उतू गेलं. पातेलं गरम, ठेवायला जागा नाही, म्हणून हाताला आलेल्या पुस्तकावर टेकवलं. ते माझं सुविचारांचं पुस्तक निघालं. मधली शंभरेक पानं एकमेकांना चिकटली. समुद्र, पर्वत, यश, संयम, सगळं एका जागी गोठलंय.

ही असती तर दूध उतू गेलं नसतं. म्हणजे पुस्तकाचं नुकसान तिच्या न येण्यामुळे झालं, तरी मी तिला बोलणार नाही. आठवडा काल संपला. पण आठवडाभर ही बोलायची पद्धत असते.

वर्गात खडू धरून उभा राहिलो. डोकं रिकामं. आठवलं ते एकच वाक्य, तेही हिचं. नाइलाजाने तेच इंग्रजीत करून लिहिलं : काही माणसं ‘दिवस कसा गेला’ असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या खोलीत जातात. खाली पट्टी चिकटवली. पट्टीखाली काहीच नव्हतं.

आणि वर्ग बोलायला लागला. बेकरीवाल्यांचे दोन्ही डोळे उघडले. म्हणाले, माझे वडील असेच होते, आता बायको म्हणते मीही तसाच आहे. ड्रायव्हर म्हणाले, माझ्या गाडीत बसणारा अनोळखी माणूससुद्धा उत्तर ऐकून घेतो, कारण त्याला पळता येत नाही. इंग्रजी मोडकं होतं, पण होतं. वेळ संपल्यावर सगळे पट्टी काढा म्हणून मागे लागले. म्हटलं, एक परदेशी विदुषी आहेत, नाव उद्या सांगतो.

माझी पद्धत यशस्वी झालीच शेवटी.

१३ फेब्रुवारी, बुधवार
विदुषींचंच दुसरं वाक्य : ‘चुकलं’ म्हणणारा नवरा चालेल, ‘चुका सगळ्यांच्याच होतात’ म्हणणारा नको. मूळ प्रसंग, ही गावाहून आली त्या दिवशी मी तिला घ्यायला जायचं विसरलो होतो. दोन जड पिशव्या घेऊन ती चालत आली होती.

खणखणीत चर्चा झाली. विदुषींचा नवरा महामूर्ख होता यावर एकमत. मी त्याची बाजू मांडली. म्हटलं, तो कामात असेल, मोठ्या विचारांत असेल. ड्रायव्हरनी विचारलं, सर, तुम्ही ओळखता का त्याला. म्हटलं, चरित्र वाचलंय.

चहा करायला गेलो तर साखर संपलेली. बिनसाखरेचा प्यालो. तब्येतीला बराच.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
वाक्य परवाचंच, पण वर्गात आज दोन चेहरे जास्त. शेजारच्या क्रियापदांतून उठून आलेत. डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, सर, काय जादू केलीत. हे हिला सांगायला हवं. वीस वर्षं म्हणत होती की तुम्ही सगळं दुसऱ्याचं बोलता, कधी एक तरी वाक्य स्वतःचं बोला.

मेहुणीला फोन केला. ती म्हणाली, ताई कामावर गेलीय. एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते आता, सोमवारपासून. म्हणजे टाइमपास. पाहुणं म्हणून राहताना नुसतं बसून कंटाळा येणारच.

१८ फेब्रुवारी, सोमवार
आज वर्गात कोण बोललं, तर नर्सबाई. इतके दिवस भिंत आणि त्या.

वाक्य असं होतं : मी तापात होते तेव्हा तुम्ही मला धीर दिलात. मला पाणी हवं होतं.

नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वॉर्डात रोज बघते. नातेवाईक उशाशी बसून छान छान बोलतात. आजारी माणूस बिचारा मान हलवतो. ते उठून गेले की आम्हाला हळूच खूण करून पाणी मागतो. त्यांच्यासमोर मागत नाही, कारण त्यांना वाईट वाटेल. एवढं त्या थांबत थांबत इंग्रजीत बोलल्या आणि मी एकही चूक दुरुस्त केली नाही.

मला ती दुपार लख्ख आठवते. हिच्या उशाशी बसून मी एकाहून एक सरस सुविचार म्हणून दाखवले होते. आवाजही चांगला लागला होता. तीही मान हलवत होती. मला वाटलं, पटतंय.

घरी आल्यावर जेवावंसं वाटलं नाही. हवामान बदलतंय.

२० फेब्रुवारी, बुधवार
बरं वाटत नाही म्हणून क्लास घेतला नाही. दिवसभर हिची आणखी वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. वर्गासाठीच. एवढी वर्षं एका घरात काढली, म्हणजे हजारो असणार. पण मोजून चार आठवली. बाकीच्या वेळी मी बहुतेक दुसऱ्या खोलीत होतो.

चारपैकी तीन वापरून झाली.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
शेवटचं वाक्य लिहिलं : मी रागावून जात नाहीये. राग असता तर थांबले असते. खुर्च्या कमी पडल्या. डायरेक्टर मॅडम स्वतः मागे उभ्या.

सुरुवातीलाच सांगून टाकलं, की हे आशावादी वाक्य आहे. राग नाही, म्हणजे बाई परत येणार. वर्गाने माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हर म्हणाले, नाही सर. भांडणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत बसतं, काही न बोलता उतरलेलं पुन्हा दिसत नाही. बेकरीवाले म्हणाले, माझी बायको भांडते तोवर मला काळजी नाही. मी म्हटलं, मतदान घेऊ. बाई येणार असं कुणाला वाटतं, हात वर करा. एकच हात वर होता, तो माझा.

मग पट्टी काढा, सर, आली का ती शेवटी, असा गिल्ला. म्हटलं, आली ना, आठवड्यातच आली. नर्सबाई माझ्या शर्टाकडे बघत होत्या. दोन बटणं चुकीच्या काजांत होती, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

जाताजाता होमवर्क दिला : त्या नवऱ्याने बाईला फोन करून एकच वाक्य बोलायचं असेल, तर काय बोलावं. केवळ भाषेचा सराव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं काही यात नाही. कुणाला काही कळलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार
होमवर्क सगळ्यांनी करून आणला. असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

ड्रायव्हर : मी गाडी घेऊन खाली उभा आहे, तू ये किंवा नको येऊ. बेकरीवाले : आज दुकान बंद ठेवलंय. नर्सबाई : तू सांग, मी ऐकतोय, मधे बोलणार नाही.

नर्सबाईंचं उत्तम. त्यात उपमा नाही, काही नाही, तरी उत्तम. वर्ग सुटल्यावर ड्रायव्हर मागे रेंगाळले. म्हणाले, सर, गाडी कधीही लागली तर सांगा, बहिणीच्या घरी जायचं असलं तरी. मी त्यांना बहिणीचं कधी सांगितलं होतं ते आठवत नाही.

उद्या फोन. सगळी तयारी झाली आहे. आरशासमोर सहा वेळा म्हणून बघितलं. ही आली की पहिल्यांदा साखर आणू.

२६ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी
फोन हिनेच उचलला. हॅलो म्हणाली. आवाज तसाच आहे.

मी वाक्य म्हटलं. तू सांग, मी ऐकतोय, मधे बोलणार नाही. एकही शब्द चुकला नाही.

मी वाट बघितली. मग तिने विचारलं, हे कोण म्हणालं.

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, माझ्या वर्गात एक नर्सबाई आहेत. ही हसली. तिचं हसू किती दिवसांनी ऐकलं. मला वाटलं, जमलं. मग म्हणाली, वाटलंच. मग म्हणाली, ऐका, मी इथे बरी आहे, मी आता

आणि मी मधे बोललो. म्हटलं, सावकाश ये, काही घाई नाही, पर्वताला घाई नसते.

त्यानंतर ती भराभर बोलली. येणार नाही, वाट बघू नका. प्रेशरची गोळी सकाळी रिकाम्या पोटी नको. कात्री शिवणाच्या मशीनच्या खालच्या खणात आहे, मला तेव्हाच निरोप मिळाला होता. आणि ठेवते म्हणाली. कुठेही आवाज चढला नाही. थोडा चढला असता तर बरं झालं असतं.

कात्री तिथेच होती. ते मशीन माझ्या खुर्चीच्या मागे आहे. खणात तिचं शिवताना बोटात घालायचं टोपण, दोऱ्याची रिळं आणि माझ्या शर्टाची बटणं एका डबीत. सगळी माझ्याच शर्टांची.

२७ फेब्रुवारी, बुधवार
वर्ग भरलेला. आज पट्टी सरळ कापली होती, अगदी फूटपट्टीने आखून.

फळ्यावर लिहिलं : माझी बायको परत येणार नाही.

व्याकरण दोनदा तपासलं. खाली पट्टी चिकटवली आणि सवयीने म्हटलं, डिस्कस. कुणी बोलेना. शेजारून क्रियापदं ऐकू येत होती, भूतकाळ चालू होता. पुन्हा म्हटलं, डिस्कस. ड्रायव्हर हळूच म्हणाले, सर, यात चर्चा करण्यासारखं काही नाही. बरोबर इंग्रजीत म्हणाले.

नर्सबाई उठल्या. त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली झाकण काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसल्या. मी सगळी प्यालो. बाटली त्यांची आहे हे नंतर लक्षात आलं.

पट्टी काढा असं आज कुणी म्हणालं नाही. वर्ग रिकामा झाल्यावर मीच काढली आणि खाली माझं नाव लिहिलं. वाक्य बरं आहे. छोटं आहे, कुठून घेतलेलं नाही. हिला फोन करून सांगावंसं वाटलं.